राखीव अंतराळवीराचे ऋण

३ एप्रिल १९८४ रोजी स्क्वाड्रन लीडर राकेश शर्मा बैकानूरहून ‘सोयूझ टी-११’ या सोव्हिएत यानातून झेपावले आणि सल्यूत-७ या अंतराळस्थानकावर राहून जवळपास आठ दिवसांनी परतले. दर ३ एप्रिलला त्यांची आठवण निघते, निघायलाच हवी. पण आयत्या वेळी त्यांच्या जागी बसायला आणखी एक भारतीय तेवढाच सज्ज होता: विंग कमांडर रवीश मल्होत्रा. मॉस्कोजवळच्या स्टार सिटीत दोघांनी सारखेच कष्ट उपसले. रशियन शिकले, यानातली कळ न् कळ पाठ केली, गरगरणाऱ्या यंत्रात छातीवर कैक पटींचा भार झेलला. उड्डाण मात्र एकाच्याच वाट्याला आले. सरकारने मल्होत्रांना कीर्तिचक्र देऊन गौरवले. लोकांच्या स्मरणातून मात्र ते निसटले.

मल्होत्रा ज्यात होते ते राखीव दल म्हणजे दुय्यम दल नव्हे. सोयूझमध्ये गुडघे पोटाशी घेऊन बसावे लागते आणि जमिनीवर टेकतानाचा दणका पाठीला बसतो. म्हणून प्रत्येकाच्या पाठीचा साचा घेऊन त्याच्यापुरते आसन घडवतात. हा साचा राखीव अंतराळवीराचाही घेतला जातो. सिम्युलेटरमधली शेवटची परीक्षाही दोन्ही दलांना द्यावी लागते. दल एक बंद पाकीट उचलते. आत कोणते बिघाड लिहिले आहेत, ते फक्त परीक्षकांना ठाऊक. मग पोशाख चढवून त्या अरुंद कुपीत तासन् तास बसायचे. कधी धूर होतो, कधी हवेची गळती लागते, कधी इंजिन दगा देते. गोंधळून न जाता एकमेकांशी बोलत वाट काढायची. या प्रशिक्षणाचा मोठा भाग बिघाडांशी झुंजण्यातच जातो, आणि मला त्याचे खरे मोल तिथेच दिसते.

ही तयारी कागदोपत्री नसते, याचा दाखला १९७१चा आहे. जगातल्या पहिल्या अंतराळस्थानकावर, सल्यूत-१वर, जाणाऱ्या दलातील वलेरी कुबासोव यांच्या फुप्फुसावर क्ष-किरण तपासणीत डाग दिसला. उड्डाण तोंडावर आले असताना अख्खे दल बदलले. दोब्रोवोल्स्की, वोल्कोव आणि पात्सायेव हे राखीव दलातले तिघे ६ जूनला निघाले आणि स्थानकात राहणारे पहिले मानव ठरले. परतताना यानाची झडप अवेळी उघडली, हवा निघून गेली आणि तिघेही गेले. त्यांच्या अंगावर दाबरोधक पोशाख नव्हते. त्यानंतर सोयूझमध्ये उड्डाणाच्या आणि परतीच्या वेळी असे पोशाख सक्तीचे झाले.

२०२५च्या जूनमध्ये ग्रुप कॅप्टन शुभांशु शुक्ला आंतरराष्ट्रीय अंतराळस्थानकाकडे निघाले, तेव्हा त्यांच्या जागी जायला ग्रुप कॅप्टन प्रशांत नायर तयार होते. दोघेही गगनयान या भारताच्या मानवी अंतराळमोहिमेसाठी निवडलेल्या चौघांपैकी. अजित कृष्णन आणि अंगद प्रताप यांच्यासह २०२०-२१मध्ये रशियात शिकलेले. चौघांपैकी काहींच्या वाट्याला दीर्घ प्रतीक्षा येईल. २०३५पर्यंत भारताचे स्वतःचे स्थानक उभारायचे असेल, तर एका उड्डाणापुरते प्रशिक्षण पुरणार नाही. बंगळुरूच्या प्रशिक्षण केंद्रात एका दलामागे दुसरे दल सतत घडत राहायला हवे, आणि त्यासाठीचा निधी दोन मोहिमांमधल्या शांत वर्षांतही आटता कामा नये. गगनयानचे पहिले मानवी दल जाहीर होईल, त्या दिवशी राखीव अंतराळवीरांची नावेही त्याच व्यासपीठावरून, त्याच दमात घेतली जावीत.