बाळा, हस ना!

मोठ्या माणसाला ‘हस’ म्हटलं की तो निदान दात तरी दाखवतो. बाळाला म्हटलं की ते आपल्याकडे असं बघतं, जणू वेडे आपणच आहोत. आणि खरं सांगू? त्या क्षणी बाळाचंच बरोबर असतं.

सध्या हा विषय आमच्या घरात जोरात आहे. बहीण बाळंतपणाला माहेरी, म्हणजे येडशीला. भाऊजी बंगलोरला, मी पुण्यात. फॅमिली ग्रुपवर दिवसातून चारदा फर्माईश: “हसतानाचा पाठवा ना!” मग तिकडे खुळखुळा, टाळ्या, “इकडे बघ, इकडे बघ”, आणि तीन-तीन मोबाईल एका पाळण्यावर. बाळ दोन महिन्यांचं. त्याचा गुन्हा एवढाच की बाप आणि मामा नोकरीमुळे लांब आहेत.

आता जरा शास्त्र बघू. पहिल्या काही आठवड्यांत बाळ झोपेत हसतं. आपल्याकडे म्हणतात, सटवाई हसवतेय. डॉक्टर म्हणतात, ती आपोआप होणारी हालचाल आहे. कुणाकडे तरी बघून, ओळखीचं म्हणावं असं हसू साधारण सहा ते आठ आठवड्यांच्या आसपास येतं. म्हणजे महिन्याच्या बाळाकडून असं हसू मागणं म्हणजे रिलीजच न झालेलं फीचर डेमोमध्ये दाखवा म्हणण्यासारखं आहे :-)

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. एडवर्ड ट्रॉनिक नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने 1970 च्या दशकात एक प्रयोग केला. आईने आधी बाळाशी नेहमीसारखं खेळायचं, मग एकदम चेहरा निर्विकार ठेवून नुसतं बघत बसायचं. बाळ आधी हसून, आवाज काढून आईला परत बोलवायचा प्रयत्न करतं. काहीच होत नाही म्हटल्यावर तोंड फिरवतं, कावरंबावरं होतं. का? कारण बाळाचं हसू हे उत्तर असतं. समोरून प्रश्नच आला नाही तर उत्तर कुणाला देणार?

आणि फोटो काढताना आपण काय करतो? चेहऱ्यासमोर मोबाईल धरतो, भुवया आक्रसून फोकस बघतो, आणि वर म्हणतो “हस!” आमच्या आईने हे कुठलाही पेपर न वाचता एका वाक्यात सांगितलं: “आगं, हसंल की ती. आधी फोन खाली ठेव, तुझं तोंड तर दिसू दे तिला!”

तर मंडळी, कामाचं एवढंच. फोटो काढणारा वेगळा आणि हसवणारा वेगळा, अशी दोन माणसं हवीत. हसवणाऱ्याने जवळ जावं. अगदी लहान बाळाला वीस-तीस सेंटीमीटरवरचा चेहरा सगळ्यात नीट दिसतो. वेळ पोट भरल्यावरची, झोप झाल्यावरची. उजेड खिडकीचा, फ्लॅश बंद. हसू टिकतं क्षणभर, म्हणून एकापाठोपाठ एक फोटो घ्यावेत. बाळाने मान फिरवली की थांबावं. त्याला विश्रांती हवी असते, ‘अजून एक’ नको असतो. आणि फोटो बाजूने काढावा, हसवणाऱ्यासकट. ते हसू तिच्यासाठी होतं, मग तिला फ्रेमबाहेर का ठेवायचं?

तरी नाहीच हसलं तर? घरातले जुने अल्बम काढा. स्टुडिओत नेऊन काढलेले ते फोटो: गालावर काजळाची तीट, अंगात नवं झबलं, आणि चेहरा असा गंभीर की जणू तहसीलदार. ते बाळ दुःखी होतं असं कुणाला वाटलं का कधी? उलट तोच फोटो आज्जी सगळ्यांना कौतुकाने दाखवते.

माझं मत विचाराल तर हसऱ्या फोटोची घाई बाळाला नसते, आईलाही नसते. ती आपल्याला असते, लांब राहणाऱ्यांना. सगळं ठीक चाललंय याची पावती हवी असते. आपण तिथे नाही याची टोचणी त्या एका फोटोने जरा कमी होते. पण त्याची किंमत दोन महिन्यांच्या जिवाकडून का वसूल करायची?

त्यापेक्षा शुक्रवारी रात्री बॅग भरावी आणि येडशी गाठावी. मोबाईल खिशात, चेहरा पाळण्यासमोर. हसलं तर हसलं. निदान कुणाकडे बघून हसायचं, हे तरी त्याला कळेल.