गोल मारायला शिकवणार कुठे?

या वेळी फौजेबद्दल कमी आणि फुटबॉलबद्दल जास्त.

भारताच्या संघावर चिडायचा हक्क आम्ही चाहत्यांनी कमावलाय. जानेवारी २०२४ मध्ये कतारला आशिया चषकात आपण तीन सामने हरलो आणि एकही गोल केला नाही. ६ जून २०२४ ला कोलकात्यात सुनील छेत्रीचा निरोपाचा सामना झाला, तोही कुवेतशी ०-०. मार्च २०२५ मध्ये त्याच छेत्रीला चाळिशीत परत बोलवावं लागलं.

तेव्हा माझी पोस्टिंग शिलाँगला होती, त्यामुळे दोन्ही सामने मैदानावर बसून पाहिले. १९ मार्चला मालदीवला ३-० हरवलं. पहिला गोल आपल्या मुंबईच्या राहुल भेकेचा, तो बचावपटू. तिसरा छेत्रीचा. सहा दिवसांनी त्याच मैदानावर बांगलादेशशी ०-०. माझ्यासोबत आलेला मिझो लान्स नायक म्हणाला, "साहब, बॉक्स में जाते ही सब भूल जाते हैं." पुढे जूनमध्ये हाँगकाँगकडून ०-१ आणि ऑक्टोबरमध्ये फातोर्ड्याला सिंगापूरकडून १-२. पुढच्या आशिया चषकाचं दार तिथेच बंद झालं.

त्या रात्री आमच्या ग्रुपवर फॉरवर्डना पडलेल्या शिव्या इथे लिहिण्यासारख्या नाहीत. राग खरा आहे, पण माझ्या मते तो चुकीच्या माणसावर निघतोय.

रिक्रूटला रायफल खोलता-जोडता येते, नेम कसा धरायचा हे तोंडपाठ असतं. तरी ग्रुपिंग जमतं ते रेंजवर राउंड झाडल्यावरच. ज्याला राउंड मिळालेच नाहीत, त्याला उस्ताद कितीही ओरडला तरी टार्गेट कोरंच राहणार.

आपल्या फॉरवर्डचं तेच झालंय. २०१४ मध्ये आयएसएल सुरू झाली, तेव्हापासून बहुतेक क्लब गोल मारायला परदेशी माणूस आणतात. आज मैदानावर एका वेळी चार परदेशी चालतात आणि नऊ नंबरची जागा बहुधा त्यांच्यातल्याच एकाची. २०२४-२५ च्या हंगामात सर्वाधिक २३ गोल मोरोक्कोच्या अलाएद्दीन अजारेचे. भारतीयांत पहिला कोण? १४ गोल करणारा छेत्रीच. आमच्या कोल्हापूरचा अनिकेत जाधव २०१७ च्या १७ वर्षांखालील विश्वचषकात भारताच्या आघाडीला खेळला. पुढे क्लबांत तो बहुतेक कडेलाच दिसला. वर्षभर कडेने पळणाऱ्या पोराला देशासाठी मात्र मधोमध उभं करायचं, आणि चुकला की शिव्या घालायच्या?

क्लबांना दोष देत नाही. पैसा लावलाय, त्यांना जिंकायचंय. पण फेडरेशनचं काम वेगळं आहे.

संतोष ट्रॉफीत परदेशी नसतात. तिथे २०२४-२५ मध्ये बंगालच्या रोबी हांसदाने १२ गोल केले. त्याआधीच्या वर्षी सर्व्हिसेसच्या जवानांनी अंतिम सामन्यात गोव्याला १-० हरवून ट्रॉफी आणली. कोणी म्हणेल, तो दर्जा खालचा. मान्य. पण रिक्रूटलाही आपण पहिल्याच दिवशी लांबच्या टार्गेटवर नेत नाही.

म्हणून माझं म्हणणं साधं आहे. परदेशींची संख्या टप्प्याटप्प्याने कमी करा. क्लबांच्या दुसऱ्या संघांची वर्षभर चालणारी लीग भरवा आणि तिथे फक्त भारतीय खेळवा. सुरुवातीला सामने रटाळ होतील, तिकिटं कमी खपतील. ते दोन-चार हंगाम आपण चाहत्यांनी सोसले पाहिजेत.

नाहीतर छेत्री कायमचा थांबेल, तेव्हा परत बोलवायलाही कोणी उरणार नाही.

जय हिंद.