हत्यारपेटी : घडीच्या चाकूची धार



खंडेनवमी तोंडावर आली. घरातली हत्यारं घासूनपुसून, हळदकुंकू वाहून पुजायचा हा दिवस. इथे विलायतेत ना तलवार, ना नांगर. स्क्रू-ड्रायव्हर, कात्री, विळी आणि ड्रॉवरच्या तळाशी पडलेला एखादा घडीचा चाकू, एवढंच आपलं शस्त्रागार! म्हणून या खेपेला चाकूबद्दल लिहितो. निमित्तही तसंच घडलं. एका वहिनींनी विचारलं, "लेक स्काउटच्या कॅम्पला निघालाय. त्याला घडीचा चाकू हवाय. महागातला घेतला म्हणजे धार चांगली मिळते का? आणि मुलाच्या हातात इतकी धार द्यावी का?"

आधी पहिला प्रश्न. धार ही किमतीत नसते आणि चकाकीतही नसते. पात्याच्या दोन बाजू जिथे एकमेकींना भेटतात ती रेघ म्हणजे धार. ती रेघ किती बारीक, यावर सगळा खेळ आहे. माणसाचा केस साधारण 50 ते 100 मायक्रॉन जाड असतो. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. उत्तम लावलेल्या चाकूची धार एका मायक्रॉनच्याही आत असते. चाकू बोथटतो म्हणजे ही रेघ झिजून गोल होते किंवा एका बाजूला कलंडते. हाताचा जोर तोच, पण तो जास्त जागेवर पसरतो, आणि टोमॅटो चिरण्याऐवजी चेपला जातो.

ही रेघ बारीक करणं सोपं, टिकवणं अवघड. तिथे पोलाद कामाला येतं. पोलादात कार्बन पुरेसा हवा आणि त्याचे कण बारीक हवेत. कण भरड असले की धारेवरून ते निखळतात आणि रेघ करवतीसारखी होते. मग येतं पाणी. आपल्याकडे "पाणीदार पातं" म्हणतात ना, तेच. साधं पोलाद साधारण 800 अंश सेल्सियसपर्यंत तापवून एकदम थंड करतात; न गंजणाऱ्या पोलादाला 1000 अंशांच्या वर न्यावं लागतं. यानं ते कडक होतं, पण काचेसारखं ठिसूळही. म्हणून पुन्हा साधारण 200 अंशांवर तापवून थोडं नरमवतात. चांगल्या खिशातल्या चाकूंचा कडकपणा रॉकवेल मोजपट्टीवर साधारण 55 ते 60 भरतो. त्याहून नरम असेल तर धार वाकते, फार कडक असेल तर तिचे टवके उडतात. चार पैसे जास्त मोजायचे ते या पोलादासाठी आणि या पाण्यासाठी. रंगीत मुठीसाठी नव्हे.

या देशात चाकूचं गाव म्हणजे शेफील्ड. तिथे 1740 च्या दशकात बेंजामिन हंट्समन या घड्याळजीनं मुशीत पोलाद वितळवून एकजीव करण्याची रीत बसवली. तिथेच 1913 साली हॅरी ब्रिअर्ली यांनी न गंजणारं पोलाद तयार केलं. पण या गोष्टीत आपलाही एक धागा आहे. मुंबईच्या डॉ. हेलेनस स्कॉट यांनी दक्षिण हिंदुस्थानातल्या पोलादाचे, म्हणजे "वुट्झ"चे नमुने लंडनला रॉयल सोसायटीकडे पाठवले. जॉर्ज पिअर्सन यांनी 1795 साली त्यांवर निबंध सादर केला. त्यासाठी स्टोडार्ट नावाच्या लंडनच्या कारागिरानं या पोलादाचा एक छोटा चाकू घडवला, तोही इतक्या कमी आचेवर की पोलादाची लाली फक्त अंधारातच दिसावी. घडवताना त्याचा घाम निघाला, पण धार उत्तमातल्या उत्तम चाकूच्या तोडीची आली, आणि इथल्या कुठल्याही पोलादापेक्षा हे पोलाद बऱ्याच कामांना सरस आहे असं त्याचं मत झालं. तो चाकू लेखणी तासायचा होता. आपले आजे-पणजे बोरू तासायला जो चाकू वापरत त्याचाच हा विलायती भाऊ म्हणा!

तिसरी गोष्ट कोनाची. खिशातल्या चाकूला दर बाजूला 15 ते 20 अंशांचा कोन मानवतो. शिवाय धारेच्या मागचं पातंही पातळ हवं. जाड पात्याला कितीही धार लावा, ते सफरचंद कापत नाही, पाचर मारल्यासारखं फोडतं.

आता धार लावायची कशी? गल्लीत सायकलवर चाक फिरवत येणारा धारवाला इथे नाही. गॅरेजमधल्या विजेच्या कोरड्या चाकावर तर हे पातं मुळीच धरू नका. पातळ कड क्षणात तापते, निळी पडते, आणि कारखान्यात दिलेलं पाणी उतरतं. दोन बाजूंचा, एक भरड आणि एक बारीक असा धारेचा दगड आणा. कोनासाठी माझी युक्ती एक पौंडाच्या नाण्याची. नाणं 2.8 मिलिमीटर जाड असतं. पात्याच्या रुंदीत दर सेंटिमीटरला एक नाणं, एवढी पात्याची पाठ दगडापासून उचला. कोन साधारण 16 अंशांचा येतो. घडीच्या चाकूला एक, भाजीच्या तीन सेंटिमीटर रुंद सुरीला तीन. उंचीचा अंदाज आला की नाणी खिशात टाका.

दगड ओला करा. आधी एक बाजू घासा, दुसऱ्या बाजूला धातूची बारीक वळलेली कड बोटाला जाणवेपर्यंत. बोट मात्र पाठीकडून धारेकडे न्या, धारेच्या लांबीवरून कधीच नाही. मग दुसरी बाजू. मग बारीक दगडावर हलक्या हातानं आलटूनपालटून. ही वळलेली कड निघून जाणं फार महत्त्वाचं. ती राहिली तर चाकू पहिल्या दिवशी कापतो आणि दुसऱ्या दिवशी रुसतो. शेवटी जुन्या चामड्याच्या पट्ट्यावर, न्हावी वस्तरा फिरवतो तसा, पाठ पुढे आणि धार मागे ठेवून पाच-दहा वेळा ओढा. हवेत धरलेला वर्तमानपत्राचा कागद न फाटता चिरला गेला की काम झालं.

घडीच्या चाकूत बिजागरीही तपासायची. पातं उघडल्यावर डावी-उजवीकडे डुगडुगायला नको, आणि मिटल्यावर धार आतल्या स्प्रिंगवर आपटायला नको. आपटली तर दर वेळी त्याच जागी बोथटेल. फळं कापल्यावर पातं धुऊन कोरडं करा. बिजागरीत तेलाचा एखादाच थेंब.

आता वहिनींचा दुसरा प्रश्न, आणि खरा महत्त्वाचा. इंग्लंड आणि वेल्समध्ये 1988 च्या कायद्यानं, धार 3 इंचांपेक्षा लांब नसलेला आणि उघडल्यावर खटक्यानं पक्का न अडकणारा घडीचा चाकू जवळ बाळगायला वेगळं कारण लागत नाही. अडकणारा चाकू या सवलतीत बसत नाही. इजा करायच्या हेतूनं जवळ ठेवला तर कोणताही चाकू गुन्हाच. म्हणजे मुलाच्या हातात येणार तो न अडकणारा चाकू, आणि तो चुकीच्या बाजूनं जोर पडला की बोटांवर मिटतो. जोर कधी लावावा लागतो? धार नसते तेव्हा! बोथट चाकू "सुरक्षित" म्हणून मुलाला देणं हाच खरा धोका. धारदार चाकू अलगद चालतो, ठरल्या जागी थांबतो.

तेव्हा वहिनी, मधल्या किमतीचा, न अडकणारा चाकू घ्या आणि सोबत दगड घ्या. कॅम्पच्या आधी दोन रविवार लेकाला शेजारी बसवून धार लावायला शिकवा. स्वतःच्या हातानं लावलेल्या धारेचा मान मुलं राखतात. स्काउटच्या पुढाऱ्यांना आधी विचारा. शाळेच्या दप्तरात चाकू कधीच नको, आणि भारतात जाताना तो विमानात हातातल्या पिशवीत नाही, मोठ्या बॅगेतच टाका.

पुढच्या अंकात विळी!