रिकामपणचे उद्योग : अपुर्‍या नौकेचा पाठ

साठी उलटलेल्या मास्तरानें पोरांच्या खेळण्यांत तीन महिने घालवावे आणि वर त्याचा वृत्तान्त या पानावर छापावयास द्यावा, याचें कांहीं वाचकांस हंसूं येईल. येवो. सदराच्या नांवानेंच मला तेवढी मोकळीक दिली आहे. शिवाय, ज्यास मी आरंभीं खेळणें समजलों त्यानें माझ्याकडून अशी एक चूक करविली, कीं जी मी छत्तीस वर्षें विद्यार्थ्यांच्या वह्यांत लाल शाईनें दाखवीत आलों होतों. ती कबूल केल्यावांचून मन हलकें होणार नाहीं.

गेल्या कार्तिकांत माझा धाकटा बंधु वारला. मुंबईस नौदलाच्या गोदींत तो फिटर होता. खर्‍या जहाजांच्या पोटांत शिरून त्यानें आयुष्यभर हात काळे केले, आणि निवृत्त झाल्यावर तेंच काम जेवणाच्या मेजावर वीत-दोन वीत मापांत मांडलें. मागें एक खोकें अर्धवट उरलें होतें. पुतण्यानें तें आणून माझ्या ओटीवर ठेवलें आणि आईचा निरोप सांगितला : "दादांना म्हणावें, हें त्यांच्या हातून पुरें होऊं दे. वर्षश्राद्धाच्या दिवशीं तसबिरीशेजारीं ठेवूं."

ज्यांनीं असलें खोकें पाहिलें नाहीं त्यांच्यासाठीं दोन शब्द. आंत प्लॅस्टिकच्या चौकटी असतात. नौकेचे शेंकडों अवयव द्राक्षांच्या घडासारखे त्यांस लटकलेले असतात. ते कापावयाचे, कानशीनें साफ करावयाचे आणि आराखड्यांतील अनुक्रमानें जोडावयाचे. जोडणारा द्रव डिंकासारखा चिकटत नाहीं. दोन्ही कडा किंचित् वितळवून तो त्यांचा एकजीव करतो. म्हणून एकदां जोडलें कीं जोडलें. हें वाक्य वाचकांनीं लक्षांत ठेवावें, कारण पुढें तें माझ्याच अंगावर येणार आहे.

नौका होती जर्मनीची 'ग्राफ झेपेलिन'. विमानवाहू नौका, म्हणजे जिच्या पाठीवर विमानांची धांवपट्टी आणि पोटांत विमानांचा तबेला, अशी. हवाई जहाजें बांधणार्‍या काउंट झेपेलिनचें नांव तिला दिलेलें होतें. २८ डिसेंबर १९३६ रोजीं कील बंदरांत तिचा कणा घातला गेला आणि ८ डिसेंबर १९३८ रोजीं काउंटच्याच कन्येच्या हस्तें तिचें जलावतरण झालें. लांबी २६२.५ मीटर, चार पंखे, दोन लाख अश्वशक्तीचीं यंत्रें. १९३९ सालीं महायुद्ध सुरू झालें तेव्हां ती बरीचशी बांधून झाली होती. परंतु पाणबुड्यांची निकड अधिक वाटल्यामुळें १९४० च्या एप्रिलांत काम थांबलें. बसविलेल्या मोठ्या तोफा उतरवून नॉर्वेच्या किनार्‍यावरील मोर्चांकडे रवाना झाल्या, आणि जी नौका समुद्रावर दरारा बसविणार होती ती गोटेनहाफेन बंदरांत, म्हणजे पोलंडच्या ग्डिनिया येथें, आरमाराच्या टणक लांकडाची वखार होऊन बसली! १९४२ सालीं पुनः हातोडे वाजूं लागले, १९४३ च्या आरंभीं कायमचे थांबले. १९४५ च्या एप्रिलांत रशियन सैन्य जवळ आलें तेव्हां जर्मनांनीं तिला श्टेटिन येथें स्वतःच बुडविली. रशियनांनीं ती वर काढली आणि १६ ऑगस्ट १९४७ रोजीं नेमबाजीचें लक्ष्य करून बाल्टिक समुद्राच्या तळीं पोंचविली. २००६ च्या जुलईंत तेल शोधणार्‍या एका पोलिश जहाजास तिचा सांगाडा ऐंशी मीटरांहून अधिक खोल पाण्यांत सांपडला. तिच्यावरून लढाईसाठीं एकही विमान कधीं उडालें नाहीं.

आतां खोक्यांतील नौकेकडे वळूं. प्रमाण सातशेंस एक, म्हणून लांबी साडेसदतीस सेंटिमीटर. हें प्रमाण मनांत मुरलें म्हणजे प्लॅस्टिकचे दोष आपोआप दिसूं लागतात. येथला एक मिलिमीटर म्हणजे तेथले सत्तर सेंटिमीटर. तोफांभोंवतीं जो आडोशाचा पत्रा असतो तो सांच्यांत अर्धा मिलिमीटर जाड ओतलेला होता. म्हणजे खर्‍या नौकेवर तो पस्तीस सेंटिमीटरांची भिंत झाला असता. आमच्या जुन्या वाड्याच्या आंतल्या भिंती तेवढ्या आहेत. १५ सेंटिमीटर मुखाच्या तोफेचें छिद्र येथें पुरतें पाव मिलिमीटरही भरत नाहीं, आणि सांच्यांतून आलेली तोफ मात्र भरीव, उदबत्तीच्या काडीएवढी. सांचा बनविणाराचा यांत अपराध नाहीं. याहून पातळ प्लॅस्टिक सांच्यांतून अखंड निघतच नाहीं. उणें भरून काढावयाचें तें जोडणारानेंच.

तें कसें, हें मी बंधूच्या हत्यारांवरून आणि त्याच्या वहींतून शिकलों. आडोशाचे पत्रे आंतल्या बाजूनें खरवडून कडेला कागदासारखे करावयाचे. बाहेरून दिसते ती कडच, बाकीची जाडी कोण पाहतो? कठडे प्लॅस्टिकचे घेऊंच नयेत. तेजाबानें कोरलेल्या पितळी पत्र्याचे मिळतात, तें चिमट्यानें वांकवून बसवावे. एक मीटर उंचीचा कठडा येथें दीड मिलिमीटरांचाही नसतो, तेव्हां श्वास जरासा जोरानें सोडला तरी तो मेजाखालीं जातो; माझे तीन गेले. तारा हव्या असल्या तर अवयव काढून उरलेल्या चौकटीचा तुकडा मेणबत्तीच्या वर धरावा, मऊ झाला कीं दूर नेऊन दोन्ही टोंकें सावकाश ओढावीं. केंसासारखा धागा निघतो. हा प्रकार मला इतका आवडला कीं, नौकेस लागणार नाहींत एवढ्या तारा मीं एका संध्याकाळीं ओढल्या, आणि सौ.नें देवघरांतील मेणबत्ती कोठें गेली म्हणून विचारलें तेव्हां मौन धरलें. सांध्यांतील फटींस लुकण भरावें, तें वाळल्यावर पाणी लावून बारीक काचकागदानें घांसावें, बोटानें पाहावें. बोटास जें कळतें तें माझ्या चष्म्यास कळत नाहीं.

येथवर सारें कौशल्याचें काम. खरी अडचण पुढें होती.

बंधूनें जेवढें केलें होतें त्यांत मला ठिकठिकाणीं त्रुटि दिसूं लागल्या. खोक्यावरील चित्रांत नौकेच्या दोन्ही कुशींना फुगवटे होते. याच्या नौकेच्या कुशी सपाट, खरवडलेल्या, आणि आंतून लुकणाचे थर दिलेले. मनांत म्हटलें, अखेरच्या दिवसांत हात घसरला असेल. मोठ्या तोफांच्या आठ जोड्या. त्यांतील एकही बसविलेली नव्हती, सोळाही नळ्या एका कागदी पुडींत बांधून ठेवलेल्या होत्या. म्हटलें, तेथवर पोंचला नाहीं बिचारा. मीं पुडी सोडली, एकेका नळीच्या तोंडाशीं सुईच्या अग्रानें खूण करून छिद्र पाडलें, आणि चार जोड्या जागच्या जागीं पक्क्या बसविल्या. त्या रात्रीं मला समाधानाची झोंप लागली.

दुसर्‍या दिवशीं केर काढतांना सौ.ला तो पुडीचा कागद सांपडला. त्याच्या आंतल्या अंगास बंधूच्या बारीक अक्षरांत दोनच शब्द होते : 'नॉर्वे, १९४०.'

वाचकांच्या ध्यानांत आलेंच असेल. माझ्या यावयास अर्धा तास लागला. तो तोफा बसवावयास विसरला नव्हता. त्यानें त्या उतरविल्या होत्या. मग त्याच्या कपाटांतील पुस्तक काढून पाहिलें. कुशींवरील फुगवटे नौकेस स्थैर्य यावें म्हणून १९४२ सालच्या आराखड्यांत आलेले! १९४० सालीं ते नव्हतेच. म्हणून त्यानें ते कानशीनें घांसून काढले आणि जेथें प्लॅस्टिक पातळ झालें तेथें आंतून लुकणाचें अस्तर दिलें. पूल आणि डोलकाठी यांचाही आराखडा १९४२ मध्यें बदलला. ते नवे भाग त्यानें चौकटीवरच राहूं दिले होते. खोक्यावरील नौका कधीं कोणत्याही समुद्रावर नव्हती. ती कागदावरची होती. बंधु करीत होता ती १९४० च्या उन्हाळ्यांत काम थांबून खरोखर उभी असलेली. मी ज्यांस त्रुटि म्हणत होतों ते त्याचे पाठभेद होते, आणि विचारपूर्वक स्वीकारलेले होते.

जुन्या पोथ्यांशीं ज्यांचा संबंध आला आहे त्यांस माझी लाज समजेल. लेखकाचा अवघड पण खरा शब्द न कळल्यामुळें सोपा शब्द घालणारा लेखनिक, त्याच्याविषयीं मीं वर्गांत किती तुच्छतेनें बोललों असेन! पुण्यास भांडारकर संस्थेंत १९१९ पासून १९६६ पर्यंत महाभारताची चिकित्सक आवृत्ति सिद्ध झाली, तींत लोकांच्या तोंडीं असलेले कितीतरी श्लोक मूळांतून काढून तळटीपांत आणि परिशिष्टांत ठेवले आहेत. त्या संयमाची थोरवी मी मुलांस सांगत असें, आणि घरच्या पोथींत मीच चार प्रक्षिप्त श्लोक घुसडून बसलों होतों.

पुतण्यास मीं हें सांगितलें आणि तोफा काढून टाकण्याचा बेत बोलून दाखविला. तो एकदम गप्प झाला. मग म्हणाला, "काका, तोफा नाहींत, विमानें नाहींत, डोलकाठी नाहीं. आलेले लोक पाहतील आणि म्हणतील, बाबांना पुरी करतां आली नाहीं." थोडा थांबून म्हणाला, "विक्रांत नाहीं का पुरी केली?"

हा बाण नेमका होता. आपली पहिली 'विक्रांत' हीही अपुरीच राहिलेली नौका. ब्रिटिशांनीं १९४३ सालीं 'हर्क्युलिस' या नांवानें ती बांधावयास घेतली, २२ सप्टेंबर १९४५ रोजीं ती पाण्यांत उतरली तों युद्ध संपलेलें. १९४६ सालीं काम थांबलें आणि अकरा वर्षें ती तशीच पडून राहिली. १९५७ सालीं आपण ती विकत घेतली, बेलफास्टच्या कारखान्यांत तिची तिरपी धांवपट्टी व वाफेचें उड्डाणयंत्र यांसह बांधणी पुरी झाली, आणि ४ मार्च १९६१ रोजीं ती आपल्या आरमारांत दाखल झाली. बंधूनें कांहीं वर्षें तिच्यावर काम केलें होतें. १९९७ सालीं ती निवृत्त झाली. पुढें कांहीं वर्षें मुंबईस संग्रहालय म्हणून उभी होती. २०१४ सालीं दारूखान्यांत तिची तोडणी सुरू झाली. तें पाहावयास बंधु गेला नाहीं. घरापासून बसनें अर्धा तास, पण गेला नाहीं.

मीं पुतण्यास बाणभट्टाची गोष्ट सांगितली. 'कादंबरी' अर्ध्यावर टाकून बाण गेला. उत्तरार्ध पुत्रानें लिहिला. आरंभींच त्यानें म्हटलें आहे कीं, कथा अपुरी राहिल्याचें सज्जनांस दुःख होत होतें म्हणून मीं हें हातीं घेतलें, कवित्वाच्या गर्वानें नव्हे. पुतण्याचें म्हणणें याहून वेगळें काय होतें? आणि त्या पुत्रास कोणीं दोष दिलेला नाहीं. परंतु उत्तरभाग हा उत्तरभाग म्हणूनच छापतात. तो बाणाच्या नांवावर खपवीत नाहींत. तसेंच 'कुमारसंभवा'चें. पुढचे सर्ग कोणी कितीही जोडले तरी मल्लिनाथाची टीका आठव्या सर्गाशीं थांबते. 'विक्रांत' ज्यांना चालवावयाची होती त्यांनीं ती पुरी केली. तो त्यांचा अधिकार. ही नौका कोणासही चालवावयाची नाहीं. ती १९४० सालीं कशी होती एवढेंच ती सांगणार, आणि तें तुझ्या वडिलांनीं बहुतेक सांगून संपविलें आहे. आपण तोफा बसविल्या तर त्यांचें काम पुरें होत नाहीं, बिघडतें.

हें त्यास पटलें असें मी म्हणणार नाहीं. मात्र दुसर्‍या दिवशीं सकाळीं स्वतःच पातें घेऊन आला. "तुमचा हात कांपतो," म्हणाला.

एकजीव झालेलें प्लॅस्टिक कापून वेगळें करणें हें काम मीं कोणावरही येऊं नये असें आहे. तीन जोड्या सुटल्या. चौथीच्या वेळीं कडेचा पत्रा चिरला. तेथें लुकण भरून घांसलें, तरी तिरप्या उजेडांत एक डाग दिसतो, आणि तो माझा आहे. निशाणाचा प्रश्न मात्र सहज सुटला. नाझी राजवटीचें तें चिन्ह जर्मनींत कायद्यानें वर्ज्य असल्यामुळें अशा खोक्यांत तें पुष्कळदां देतच नाहींत, किंवा तुकडे करून देतात. आमच्यांत तें नव्हतें. हवेंही नव्हतें. जी नौका आरमारांत कधीं दाखलच झाली नाहीं तिला आरमाराचें निशाण कोठलें? आमच्या उंबर्‍यावर जें स्वस्तिक काढतात त्याच्याशीं त्या चिन्हाची सरमिसळ करण्याची वेळही त्यामुळें आली नाहीं. दीड-दीड सेंटिमीटरांचीं विमानें पुतण्यानें पुन्हां खोक्यांत ठेवलीं. एक मात्र स्वतःच्या लेखणीच्या पेल्यांत ठेवलें आहे, तेथें माझा कांहीं आक्षेप नाहीं.

राहिला होता वरचा डेक. तो बंधूनें मोकळाच ठेवला होता, नुसता वर टेकवलेला. काल संध्याकाळीं आम्हीं तो बसविला. कडांना द्रव लावण्यापूर्वीं पुतण्या म्हणाला, "काका, थांबा." त्यानें खिशांतून कागदाची पुडी काढली. बंधूच्या हत्यारांच्या पेटीचा एक कोपरा फुटलेला होता, तेथून त्यानें सागवानाच्या चार-पांच ढलप्या काढून आणल्या होत्या, काडीएवढ्या. त्या त्यानें नौकेच्या पोटांत एकावर एक रचल्या, मग डेक ठेवला. मीं द्रव लावला, त्यानें दोन्ही टोंकांस रबराचीं वेटाळीं घातलीं, आणि रात्रभर वाळावयास नौका फडताळांत वरच्या फळीवर ठेवून दिली.