आईने खडी फोडली, यात लाज कसली?

मी मूळचा माणदेशातला. नोकरीमुळे हरमलला आलो आणि इथलाच होऊन गेलो. आज जरा परखड लिहितोय, राग मानू नका.

आपल्यापैकी बऱ्याच घरांतली मुलं अमेरिकेत आहेत. आईवडील तिकडे गेले की सुट्टीच्या दिवशी मुलं त्यांना एखाद्या 'स्टेट पार्क'ला नेतात. दगडी पायऱ्या, लाकडी घरं, छोटासा तलाव, झाडीतली पायवाट. अशी शेकडो उद्यानं महामंदीच्या काळात बेकार तरुणांनी बांधली. राष्ट्राध्यक्ष रुझवेल्ट यांनी १९३३ मध्ये त्यासाठी 'सिव्हिलियन कॉन्झर्व्हेशन कोअर' काढली. १९४२ पर्यंत सुमारे ३० लाख तरुण तिथे राबले. महिन्याला ३० डॉलर, त्यातले २५ थेट घरी जायचे. सगळं काही गोड नव्हतं. कृष्णवर्णीयांच्या छावण्या बहुतेक वेगळ्या असत आणि बायकांना तर प्रवेशच नव्हता. पण आज त्या कामगाराचे ब्राँझचे पुतळे अनेक उद्यानांत उभे आहेत. आपला आजोबा तिथे होता, हे तिथली घरं कौतुकाने सांगतात.

आणि आपण?

१८७६च्या दुष्काळात नीरा डाव्या कालव्याचं काम दुष्काळी काम म्हणूनच सुरू झालं. त्या पाण्यावर बारामतीकडचा ऊस उभा राहिला. पुढे १९७२चा दुष्काळ. मे १९७३ मध्ये महाराष्ट्रात दुष्काळी कामांवर जवळजवळ ५० लाख माणसं होती. पाझर तलाव, नाल्यांचे बांध, रस्ते, सगळं टिकाव, फावडं आणि पाटी यांच्या जोरावर. आणि तिथे बायका होत्या, मोठ्या संख्येने. माझी आई त्यांतलीच एक. लहान भाऊ बाभळीच्या झोळीत, आई उन्हात खडी फोडतेय. दुपारी सुकडी मिळायची. घरी रेशनच्या मिलोची लाल भाकरी. आठवड्याला मस्टरवर अंगठा उठला की चूल पेटायची.

आज आमच्या नात्यातल्या लग्नात हा विषय काढला की लोक डोळ्यांनी दटावतात. 'कशाला ते जुनं उकरता? सोयरे काय म्हणतील?' फ्लॅट झाले, गाड्या आल्या, आणि खडी फोडणारी आजी घराच्या गोष्टीतून गायब झाली. मला हे पटत नाही. ती भीक नव्हती. घाम गाळून घेतलेली मजुरी होती. त्याच अनुभवावर रोजगार हमी उभी राहिली. वि. स. पागे यांनी त्याचा पहिला प्रयोग १९६५ मध्ये तासगाव तालुक्यातल्या विसापूरला केला होता. त्याचा कायदा २६ जानेवारी १९७९ पासून महाराष्ट्रात लागू झाला आणि २००५ मध्ये देशानेही तसा कायदा केला. मागेल त्याला काम हा हक्क आहे, हे जगाला दाखवणाऱ्यांत आपल्या आया होत्या.

कुणी म्हणेल, कित्येक ठिकाणी फोडलेली खडी तशीच पडून राहिली, तलाव गाळाने भरले. खरं आहे. पण कामं आखली साहेबांनी. तो दोष पाटी वाहणारीच्या माथी कशाला?

इथे गोव्यातही वेगळं नाही. शापोरा नदीकाठची खाजनं बघा. खारं पाणी अडवणारे बांध आणि भरती-ओहोटी सांभाळणारी मानस पिढ्यान्‌पिढ्या गावच्या माणसांनी राखली. आज पाहुणे त्या हिरव्या शेतांचे फोटो काढतात. चिखलात उतरलेल्यांची नावं कुठल्या पाटीवर आहेत? मंत्र्यांच्या नावाचा दगड मात्र प्रत्येक पुलाला असतो.

माझं मागणं साधं आहे. गावच्या तलावावर, बांधावर पंचायतीने एक फळा लावावा: हे काम कोणत्या साली झालं आणि कोणत्या वाड्यांवरच्या माणसांनी केलं. जुनी मस्टरं हाती लागली तर नावंही लिहावीत. पुतळे नकोत.

पंचायत करेल तेव्हा करेल. यंदा चवथीला घरी सगळे जमाल, तेव्हा म्हातारीजवळ बसा आणि विचारा, 'बहात्तर साली तू कुठल्या कामावर होतीस गं?' फोनवर रेकॉर्ड करून ठेवा. बहात्तरला विशीत असलेल्या बायका आज सत्तरीच्या पुढे आहेत. फार चवथी हातात नाहीत.