कुलूप पोलादी, पण बिजागरीचे काय?

पवईच्या आय.आय.टी.ला केंद्र सरकारच्या राष्ट्रीय क्वांटम मिशनमधील संवेदन व मापनाचे केंद्र मिळाले, याचा आम्हाला आनंदच आहे. घाटकोपर-मुलुंडच्या आमच्या मुलांच्या उंबरठ्यावर हे काम आले आहे. परंतु १९ एप्रिल २०२३ रोजी मंजूर झालेल्या या मिशनचे सहा हजार कोटी रुपये जनतेचे आहेत. त्यातून दोन हजार किलोमीटरपर्यंत शहराशहरांत न फोडता येणारे दळणवळण उभे करायचे आहे. ते काम मद्रासच्या आय.आय.टी.कडे व सी-डॉटकडे आहे. या 'न फोडता येणारे' शब्दांची झडती घेणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो.

सिद्धांत खोटा नाही. गुप्त किल्ली एकेका प्रकाशकणावरून धाडली की मध्ये डोकावणाऱ्यामुळे कणाची अवस्था बिघडते आणि चोरी उघडी पडते. १९८४ साली बेनेट व ब्रासार यांनी हे मांडले. पण यंत्र माणूसच बनवतो ना! त्यांच्याच पहिल्या यंत्राचा वीजपुरवठा पाठवल्या जाणाऱ्या कणानुसार वेगवेगळा आवाज करी. नुसता कान दिला तरी किल्ली हाती! हे यंत्र फक्त बहिऱ्या चोरापासून सुरक्षित होते, असे पुढे ब्रासार यांनीच थट्टेने सांगितले.

२०१० साली थट्टा संपली. नॉर्वेतील ट्रॉन्डहाइमच्या संशोधकांनी बाजारात विकल्या जाणाऱ्या दोन कंपन्यांच्या यंत्रांत प्रखर प्रकाश सोडून कण टिपणारे डिटेक्टर आंधळे केले. आंधळा डिटेक्टर एकटा कण ओळखत नाही. चोर जोरदार झोत मारील तेव्हाच तो 'कण आला' म्हणतो. चुकांचे प्रमाण वाढत नाही, म्हणून धोक्याची घंटाही वाजत नाही. २०१२ साली डिटेक्टरवर विश्वासच न ठेवण्याची पद्धत निघाली, तरी प्रकाश पाठवणारे टोक उरलेच.

फेब्रुवारी २०२२ मध्ये प्रयागराज ते विंध्याचल शंभर किलोमीटरहून अधिक अंतरावर अशी किल्ली धाडली गेली. अंतर समजले. त्या यंत्रावर बाहेरच्या कोणी हल्ला करून पाहिला काय? अशी तपासणी कशी करावी, याचे आंतरराष्ट्रीय मानक २०२३ पासून छापील आहे. मापन हाच ज्यांचा विषय, त्या पवईकरांनी ती अंगावर घ्यावी आणि निकाल जनतेपुढे ठेवावा. आणि तिथल्या एखाद्या विद्यार्थ्याने यंत्र फोडून दाखवलेच, तर त्याला नोटीस न देता पुढचे यंत्र तपासायला द्यावे.