विटेमागची माणसे

कारखान्यांवरचे माहितीपट आम्ही पुष्कळ पाहिले. यंत्र कसे फिरते, दिवसाला माल किती निघतो, हे त्यांत तपशीलवार असते. माणूस मात्र कोपऱ्यात कुठेतरी दिसतो. ‘चिर्कालेस’ हा जुना माहितीपट तसा नाही. म्हणून वाचकहो, आज त्याविषयी.

‘चिर्कालेस’ म्हणजे वीटभट्ट्या. दक्षिण अमेरिकेतल्या कोलंबिया देशात, राजधानी बोगोटाजवळच्या भट्ट्यांवर मार्ता रोद्रिगेस आणि होर्हे सिल्वा यांनी तो बनवला. मार्ताबाई आधी तिथल्या मजुरांच्या मुलांना लिहायला-वाचायला शिकवत. १९६६ च्या सुमारास सुरू झालेले काम १९७२ मध्ये पुरे झाले. लांबी अवघी ४२ मिनिटे. पण त्यासाठी ही दोघे वर्षानुवर्षे एकाच कुटुंबाकडे जात राहिली. पूर्व जर्मनीतल्या लाइपझिग महोत्सवात त्याला पारितोषिकही मिळाले.

माती खणायची, कालवायची, साच्यात थापायची, वाळवायची, भट्टी लावायची. सगळे हाताने. नवरा, बायको आणि घरभर लेकरे राबतात. शाळेच्या वयाची पोरे पाठीवर विटा वाहतात. एका दृश्यात घरातली मुलगी धर्मविधीचा पांढराशुभ्र पोशाख घालून त्याच मातीतून चालते. पाहताना पोटात कालवते. शेवटी या कुटुंबाला भट्टीवरून काढून टाकतात. ज्यांनी शहराला घरे दिली, त्यांनाच घर नाही!

परक्या देशाची गोष्ट म्हणून हे सोडून द्यावे काय? आपल्याकडेही पावसाळा सरला की कुटुंबेच्या कुटुंबे उचल घेऊन भट्टीवर जातात. मजुरी हजार विटांमागे ठरते आणि पोरांचे हात फुकटात जातात. हंगाम संपताना ‘उचल फिटली नाही’ असे ऐकवले, तर दाखवायला कागद नसतो. वेठबिगारीविरुद्धचा कायदा १९७६ सालचा आहे. माणसाला बांधून ठेवणारे असे कर्ज फेडण्याची जबाबदारीच त्याने रद्द केली. पण दाद मागायची तर हातात आकडा हवा.

म्हणून आमचे मागणे लहान आहे. ज्यांचे नातलग भट्टीवर जातात, त्यांनी त्यांच्यासोबत एक वही द्यावी. उचल किती, विटा किती, आठवड्याची खर्ची किती, हे तारखेवार लिहावे. स्वतःला येत नसेल तर शेजारच्या शिकलेल्याकडून लिहून घ्यावे. आणि मुलांना शक्य तो गावी, आजी-आजोबांकडे, शाळेत ठेवावे. पुढच्या हंगामाची वही त्यांनाच तपासू द्या.